अंगरख्याची आतली बाजू

दारातच माझी कात्री काढून घेतली. बोटभर लांबीची, धागे कापायची; गेली पंचवीस वर्षं ती माझ्या पर्समध्ये आहे. तपासणीच्या टेबलावरच्या मुलीने ती पाकिटात घातली, वर नंबर लिहिला आणि म्हणाली, "आंटी, जाताना घ्या." माझ्या मागच्या माणसाकडे त्याच्याच उंचीची तलवार होती. तिने ती बोटाने दाबून पाहिली, फोमची निघाली म्हणून मुठीला हिरवी पट्टी बांधली आणि त्याला आत सोडलं.

"तलवार चालते आणि कात्री चालत नाही?" मी म्हटलं.

"मम्मी, प्लीज," लेक दातांतून म्हणाली. "सुरू नको होऊस ना."

जपानी चित्रमालिकांच्या चाहत्यांचा तो मेळावा होता, मालाडच्या बाजूला, एका मोठ्या हॉलमध्ये. कार्टून म्हटलेलं लेकीला चालत नाही. "ॲनिमे म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस," असं तिने मला रिक्षातच बजावलं होतं. कांजूरमार्गहून लिंक रोडने आम्ही रिक्षाने आलो. तिचं खांद्यावरचं चिलखत माझ्या मांडीवर, शिंगं तिच्या मांडीवर. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि विचारलं, "शूटिंग है क्या मॅडम?" लेकीने शिंगं आणखी जवळ ओढली. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि आठ महिने ती हा एकच दिवस धरून बसली होती.

तिथे पोशाख करून जाणारे शेकड्याने असतात. पण तिला तेवढंच करायचं नव्हतं. स्वतः पोशाख बनवणाऱ्यांची तिथे वेगळी स्पर्धा असते. परीक्षक पोशाख जवळून बघतात, कसा बनवला ते विचारतात आणि कारागिरीला गुण देतात. तिला त्यात उतरायचं होतं. परीक्षकांपैकी एक बाई अशा पोशाखांसाठी नावाजलेली होती. तिने आपलं काम हातात घेऊन बघावं, एवढंच लेकीच्या डोक्यात होतं.

पोशाख म्हणजे घोट्यापर्यंतचा काळा अंगरखा, उभी मोठी कॉलर, लाल अस्तर, खांद्यावर चिलखत आणि निळा विग. चिलखत तिने फोम कापून, गरम करून, वाकवून बनवलं होतं. ती गॅलरीत बसून हे करायची आणि घरभर जळक्या रबराचा वास यायचा. शिंगं कशाची होती ते मला अजून माहीत नाही. पहिल्यांदा अंगरखा घालून ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा माझ्या सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"दशावतारात राजा झालंस काय गो?"

"आजी, दानव आहे मी."

"मगे शिंगां खंय?"

"सुकतायत."

सासूबाईंना त्यात काही नवल वाटलं नाही. गावच्या जत्रेत त्यांनी याहून भडक सोंगं पाहिली होती. नवल मला वाटत होतं, आणि तेही वेगळ्याच गोष्टीचं.

मी अंधेरीच्या एका निर्यातीच्या कारखान्यात बावीस वर्षं चेकर होते. शिवून झालेला शर्ट टेबलावर आला की तो उलटा करायचा, शिलाया बघायच्या, धागे कापायचे. बरा असेल तर पुढे, नाहीतर परत. पास केलेल्या प्रत्येक शर्टात माझ्या नंबराची चिठ्ठी जायची. कारखाना शहराबाहेर गेला तेव्हा मी घरी आले आणि आता घरीच कपडे ऑल्टर करून देते. कोणताही कपडा हातात आला की मी आधी तो उलटा करते. ही सवय आहे, त्यात विचार नसतो.

मेळाव्याच्या चार दिवस आधी तो अंगरखा दाराच्या खिळ्याला टांगलेला होता. लेक प्रॅक्टिकलला गेली होती. मी तो उलटा केला.

काठ कच्चे होते. अस्तर खालून शिवलेलंच नव्हतं, गरम गोंदाने चिकटवलं होतं. कॉलरच्या आत पुठ्ठा आणि त्याभोवती चिकटपट्टी. बगलेतली शिलाई तीनदा मारलेली, तिन्ही वेळा वेगळ्या वाटेने. बाहेरून झकास दिसत होतं, आणि आतून बघवत नव्हतं. मला वाटलं, इतकी मोठी परीक्षक बाई, तिने हा उलटा केला तर पोरीची काय शोभा राहील?

दोन दुपारी मला पुरल्या. गोंद खरवडला, अस्तर उसवलं, सगळ्या काठांना पट्टी लावून बंद केलं, कॉलरमध्ये कॅनव्हास घातलं. बाहेरचं काहीच बदललं नाही. अंगरखा परत खिळ्याला टांगला. संध्याकाळी तिने हात फिरवून पाहिलं.

"इस्त्री केलीस का? छान पडतोय."

"हो," मी म्हटलं.

स्पर्धेचा अर्ज भरताना तिने मला त्यातले नियम वाचून दाखवले होते. मी तेव्हा बांगडे साफ करत होते. हूं हूं म्हटलं होतं.

हॉलमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्या आईबापांना एक सांगते: घाबरू नका. आवाज फार असतो. कुणी ओळखीचं पात्र दिसलं की पोरं किंचाळतात, पण मिठी मारायची तर तीही आधी विचारून मारतात. भिंतीवर मोठा बोर्ड होता: पोशाख घातला म्हणजे हात लावायची परवानगी दिली असं नाही, फोटो काढायचा तर विचारा. आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर असा बोर्ड असता तर बरं झालं असतं. एका कोपऱ्यात दुरुस्तीचं टेबल होतं. कुणाचा पंख तुटला, कुणाची चेन अडकली, की दोन अनोळखी मुली काही न विचारता गोंद घेऊन कामाला लागायच्या. जमिनीवर मांड्या घालून राक्षस, परी आणि शाळकरी गणवेशातली मोठाली माणसं डब्यातले पोहे खात होती. लांब नखं लावलेल्या एकीला दुसरी भरवत होती.

आपल्याकडे साडी आवडली की कुठून घेतली ते विचारतात. इथे पहिला प्रश्न एकच: "तूच बनवलंस?" हो म्हटलं की समोरचा ओरडतो, वाकून नमस्कार करतो, मागे फिरून मित्रांना बोलावतो. दारापासून परीक्षणाच्या खोलीपर्यंत लेकीला हा प्रश्न सहा-सात जणांनी विचारला. प्रत्येक वेळी "हो" म्हणताना ती थोडी उंच होत होती. मी मागून पिशव्या घेऊन चालले होते आणि खूश होते.

परीक्षणाच्या खोलीत मध्ये दोरी बांधली होती. बॅग धरायला सोबत एकाला परवानगी होती, पण दोरीच्या अलीकडे खुर्चीवर बसायचं आणि बोलायचं नाही. ती परीक्षक बाई तिशीतली, साध्या कुर्त्यात, गळ्यात चष्मा आणि हातात छोटी बॅटरी. तिने लेकीच्या मोबाइलमधले कामाचे फोटो बघितले. प्रत्येक टप्प्याला काढलेले फोटो आणावे लागतात. चिलखतावर तिने पाच मिनिटं घेतली. किती जाडीचा फोम, रंगाचे थर किती, भेगा कशा भरल्या. लेक धडाधड बोलत होती. घरात ती एवढं कधी बोलत नाही.

मग बाईने अंगरख्याचा पुढचा काठ उलटा केला.

"अरे वा. काय सुंदर पट्टी लावलीयस!" ती म्हणाली. बॅटरी मारून बगलेत पाहिलं, कॉलर चाचपली. मग परत मोबाइल घेतला. "फोटोत इथे ग्लू दिसतोय. हे नंतर बदललंस का?"

लेकीने खाली पाहिलं. अंगरखा तिने शिवल्यापासून उलटा केलाच नव्हता. तिने ती पट्टी बोटांत धरली, आणि माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. हो म्हण, असं. लपवायचं कशाला, मी तिला खोटं बोल म्हणून खुणावलं. कारखान्यात असं खूप चालायचं, पीस अडला की जो तो सांभाळून घ्यायचा.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "मम्मीने केलं असणार."

मी उठले. "अहो, मी फक्त आतून केलं. बाहेरचं सगळं तिचं आहे. आतलं दिसतं कुठे कुणाला?"

"काकू, बसा ना," बाई म्हणाली. अगदी गोड आवाजात. "काम एक नंबर आहे तुमचं. खरंच. पण मी तिला मार्क कशाचे देऊ? तिने अंगरखा कसा संपवला असता ते मला आता कळणारच नाही."

"वाईट संपवला होता," मी म्हटलं.

"मग त्याचे मार्क दिले असते."

तिने कागदावर एक आडवी रेघ मारली. स्पर्धेत नाही, पण हौस म्हणून स्टेजवर चालता येईल, असं तिने लेकीला सांगितलं. लेक "नको, थँक यू" म्हणाली आणि चिलखताचा पट्टा आवळत बाहेर आली. मी पिशव्या उचलल्या.

मला वाटलं होतं ती माझ्यावर ओरडेल. ती ओरडली असती तर मी दोन शब्द बोलले असते. ती घरीही चल म्हणाली नाही. हॉलमध्ये फिरत राहिली. लोक फोटोसाठी थांबवत होते, ती उभी राहत होती, हात उगारून, दात दाखवून, ठरवलं होतं तशी. आणि कुणी "तूच बनवलंस?" विचारलं की ती शांतपणे माझ्याकडे बोट दाखवायची.

"मम्मीने."

पहिल्यांदा मी म्हटलं, "नाही हो, तिनेच." तोवर दोघीजणी माझ्या अंगावर आल्या होत्या. "आंटी! तुम्ही? सगळं? आंटी, एक फोटो!" मला मध्ये उभं केलं. एकीने माझ्या हातात लाकडी पंखा दिला.

वाकोल्याहून आलेला, पाठीवर पांढरे पंख लावलेला एक दांडगा तरुण मग चिलखतापाशी थांबला. "आंटी, कडा इतक्या पातळ कशा आणल्या? हीट गन की इस्त्री?"

मी लेकीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. सांग की, अशी.

"मला नाही माहीत, बाळा," मी म्हटलं.

"सीक्रेट आहे काय?" तो हसला. "चालतं, चालतं."

असं तीन तास चाललं. तिने आठ महिने गॅलरीत बसून केलेल्या प्रत्येक गोष्टीचं कौतुक माझ्या पदरात पडत होतं, आणि ते परत कसं करायचं ते मला कळत नव्हतं. "अगं, खरं सांग ना त्यांना," मी एकदा म्हटलं.

"काय खरं?" ती म्हणाली. "कुठून कुठपर्यंत तू केलंस, मी बघत बसू का?"

जाताना दारात कात्री परत मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगरखा घेऊन माझ्या मशीनशेजारी खाली बसली आणि उसवायला लागली. माझी शिलाई उसवायला वेळ लागतो. टाके बारीक असतात. तीन दिवस ती कॉलेजमधून आली की बसायची. सासूबाई बघत होत्या.

"आवशीन केला ता वायट होता काय गो?"

"चांगलं होतं, आजी. तेच ना."

मी कुणाचा तरी ब्लाऊज समोर घेऊन बसले होते आणि एकाच हुकावर अडकले होते.

अस्तर पुन्हा सुटं झालं तेव्हा ती म्हणाली, "पट्टी कशी लावतात ते सांग. फक्त सांग. हात लावायचा नाही."

मी हात मांडीखाली घेतले आणि सांगायला लागले. कापड तिरकं काप. किती तिरकं? असं. असं म्हणजे कसं? हात बाहेर आला, तिने तो बघितला, मी परत आत घेतला. मग दुमड. किती? अंदाजाने. "मम्मी, अंदाज म्हणजे किती?" बावीस वर्षं मी चांगलं-वाईट ओळखलं, दुसऱ्याचं वाईट दुरुस्त केलं, पण कुणाला सांगितलं कधीच नव्हतं. जे सांगत होते त्यातलं निम्मं चुकीचं निघत होतं. ती मारत होती ती शिलाई डावीकडे चालली होती आणि मी ते बघत होते.

"चाललीय ना डावीकडे?" ती म्हणाली.

"हो."

"बोल ना मग!"

"काय बोलू? हात नको म्हणालीस."

यावर ती थोडी हसली असावी. मान खाली होती, नक्की सांगता येणार नाही.

पुढच्या मेळाव्याला तिने तोच अंगरखा नेला. मला चल म्हणाली नाही, नको असंही म्हणाली नाही. पिशव्या तेवढ्या माझ्यापाशी आणून ठेवल्या. पुन्हा दोरी, पुन्हा खुर्ची. या वेळचे परीक्षक एक पुरुष होते. त्यांनी काठ उलटा केला.

"हे कोणी शिवलं?"

"मी."

"इथे जरा..."

"वाकडं आहे. माहितीय मला. पाच वेळा उसवलंय."

त्यांनी काहीतरी लिहिलं. तिचा नंबर आला नाही, पण ते संध्याकाळी कळलं. परीक्षणाच्या वेळी ती हात बाजूला धरून उभी होती आणि ते बॅटरी मारून मागची बाजू बघत होते. मागच्या चिरीपाशी एक लाल धागा लोंबत होता, चांगला वीतभर. ती माझ्याकडे पाठ करून होती. माझा हात पर्सकडे गेला. कात्री घरी मशीनवर होती, सकाळी मीच काढून ठेवली होती. परीक्षकांनी तो धागा बॅटरीच्या उजेडात पाहिला, आणि पुढे गेले. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिले.