डाव्या कडीचा आवाज

दारू सुटल्यावर चार वर्षांनी मी लातूरला आमच्या मंडळाच्या फोनवर बसायला लागलो. दर गुरुवारी, दुपारी दोन ते पाच. ज्याला प्यावंसं वाटतंय त्यानं फोन करायचा आणि कधीकाळी पिणाऱ्यानं तो उचलायचा. नाव विचारायचं नाही, उपदेश करायचा नाही, आणि आपण होऊन फोन ठेवायचा नाही. फोनही जुना, नंबर न दाखवणारा.

पावसाळा संपता संपता एक मुका फोन यायला लागला. बरोबर तीनला. नुसता श्वास, पंख्याची घरघर आणि तिच्यात बुडालेली कसलीशी कुरकुर. मधूनच टक्. मला भीती वाटायची, सरळ सांगतो. घरी दाढी करतानाही ते टक् कानात वाजायचं.

समोरचा बोलत नसला की आपलं सांगायचं, ही आमची रीत. मी माझं पुराण लावलं. आई गेली तेव्हा मी पिऊन पडलो होतो. अहमदपूरच्या थोरल्या भावानं, सुपारीच्या खांडालाही न शिवणाऱ्या मास्तरानं, दहाव्याच्याच दिवशी मला घराबाहेर काढलं. "माणूस न्हाई, दगड हाय," मी म्हणायचो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बारा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. वहिनी वारल्याचंही मला परक्याकडून कळलं होतं.

सहाव्या गुरुवारी पलीकडची लाईट गेली. पंखा थांबला आणि कुरकुर स्वच्छ ऐकू आली. दोन झोके, मग टक्. ही आमच्या घरची बंगई होती, कड्यांना टांगलेला तो जुना झोपाळा. तिची डावी कडी लहानपणी मीच लोंबकळून वाकवली होती.

आधी मला आनंद झाला. मास्तरही बाटलीला लागला, बरी जिरली, वाटलं. मग रिकाम्या घरात बंगईवर एकटा बसलेला तो दिसला. पहिल्याच दिवशी माझा आवाज ओळखला असणार त्यानं, आणि तरी दर गुरुवारी माझ्या शिव्या ऐकायला येत होता. आता मी ओळख दिली आणि शरमेनं त्यानं फोन ठेवला, तर तो परत करणार नव्हता. मग त्याच्याजवळ बाटलीच उरली असती. पण गप्प बसणंही मला जमेना.

"त्या डाव्या कडीला तेल घाला," मी म्हणालो.

कुरकुर थांबली.

"कळालं व्हय रं तुला?"

"हाव, दादा."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"लई दिस झाले, रोज पिऊन राहिलो," दादा म्हणाला. "फोन ठिवू नको."