निळ्या चुलीचं झाकण

चोपड्याच्या आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या हिवाळ्यात भाड्याने जात, आणि तिथे दरवर्षी एकच गोरी, परदेशी बाई येऊन राही. वयाने माझ्या आईएवढी, उन्हात लालबुंद होणारी, स्वभावाने हट्टी. एका वर्षी तिने मुंबईहून ट्रकने एक लाकडी खोका मागवला आणि त्यातून ती चूल निघाली. लोणच्याच्या बरणीसारखी चकचकीत, पण निळी, आणि एवढी मोठी की सासूबाई म्हणाल्या, हिच्यात माणूस बसेल. जाड भाजलेल्या मातीचं फुगीर पोट, त्यावर तसंच जाड झाकण, खाली हवेसाठी एक छोटी खिडकी आणि वर लोखंडी टोपी. आत निखारे पेटवायचे, जाळीवर मासा ठेवायचा, झाकण लावायचं आणि गप्प बसायचं. मासा असा भाजून निघे की काटासुद्धा सुगंधी लागे.

या घरात मी धाकटी सून. थोरली जाऊ दिसायला छान, बोलायला त्याहून छान, आणि हाताला चव अशी की शिळा पाव तिने तव्यावर परतून दिला तरी खाणारा बोटं चाटतो. मी तिला वयनी म्हणते. माझं माहेर तेरेखोल नदीच्या पलीकडे, सिंधुदुर्गात. लग्न होऊन आले तेव्हापासून सगळ्या घराने मला वयनीच्या शेजारी उभं करून जोखलं. हिची कढी तिच्यासारखी होत नाही, हिला चार माणसांत बोलता येत नाही. काही बायका अशा वेळी कुढत बसतात. मी सरळ जळते, आणि माझ्या तोंडावर ते दिसतं.

त्या चुलीपाशीही तेच झालं. मसाला वयनी वाटायची, मासा तीच लावायची, आणि संध्याकाळी गोरीच्या शेजारी खुर्ची टाकून जेवायलाही तीच बसायची. करवंट्यांचा कोळसा मी करायचा, राख मी काढायची, काजळी मी पुसायची. पण एक गोष्ट माझ्या वाट्याला आली होती आणि ती मी कुणाला सांगितली नसती तरी ती माझीच होती. गोरी परत जायच्या आधी ती चूल उघडून, म्हणजे तिचे भाग सुटे करून, आत ठेवावी लागे. पावसात बाहेर राहिली तर पाणी मातीत मुरतं आणि पुढच्या विस्तवाला तडा जातो. हे उघडण्याचं काम आम्ही दोघी करायचो, गोरी आणि मी.

तिने मला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा जणू लहान मुलाला न्हाऊ घालायला शिकवावं तसं दाखवलं. चूल रात्रभर निवून पूर्ण थंड हवी. आधी वरची टोपी काढायची. मग झाकण उघडून जाळी, तिच्या खालचं मातीचं कडं, आणि त्याच्या खालचं निखाऱ्याचं मातीचं भांडं एकेक करून बाहेर घ्यायचं. पोट रिकामं झालं की ओझं पुष्कळ हलकं होतं. खरी गोम झाकणात. झाकणाभोवती लोखंडी पट्टा, आणि झाकणाचा भार पेलायला त्या पट्ट्याला मागे जाड स्प्रिंगा असतात. झाकण सुटलं की स्प्रिंगांना अडवायला काही उरत नाही आणि लोखंडी पट्टा उसळून तोंडावर येतो. म्हणून झाकण बंद करून पट्टा आधी सुंभाने खाली आवळायचा, तोंड बाजूला ठेवायचं, बोल्ट ढिले करायचे, आणि दोघींनी समोरासमोर उभं राहून झाकण सरळ वर उचलायचं. खालचं पोट उचलताना एक हात हवेच्या खिडकीत आणि दुसरा मागून बुडाखाली. बिजागरीला धरून कधीही नाही.

झाकण उचलताना गोरी म्हणायची, "हळू, बाय." 'हळू' तिला मी शिकवलं होतं. 'बाय' ही लाडाची हाक तिने गावातून उचलली होती. दोन्ही जोडून म्हणायची ती फक्त त्या एका वेळी, झाकण हवेत असताना, माझ्या डोळ्यांत बघत. झाकण वाकळीवर टेकलं की आम्ही दोघी तिथेच मातीत फतकल मारून हसायचो. कशाला हसायचो, काय माहीत. भाषा तर एकमेकींची धड येत नव्हती.

मग एका वर्षी तिने सांगितलं की गुडघ्यांनी दगा दिला, आता येणं व्हायचं नाही. जाण्याआधी तिने सगळ्यांना अंगणात बोलावलं. मला एक शाल दिली, पिवळी, गोव्याच्या उकाड्यात कुणीही अंगावर घेणार नाही अशी. आणि चूल दिली वयनीला. भावोजी, म्हणजे वयनीचा नवरा, मध्ये उभे राहून तिचं बोलणं समजावून सांगत होते. म्हणाले, ती म्हणते, जी रांधते तिची चूल.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वयनीने पदर सावरून गोड हसून तिचे हात हातात घेतले, सासूबाई समाधानाने मान हलवत होत्या, आणि मी शाल हातात धरून उभी. राख काढते तिचं काय, हे कुणी विचारलं नाही. गोरीने जाताना मला मिठी मारली. मी ओंडक्यासारखी उभी राहिले.

त्याच उन्हाळ्यात भावोजींनी वेगळं व्हायचं ठरवलं. कारापूरला त्यांनी घर बांधलं होतं. खाणीवरच्या ट्रकांचं काम त्यांना तिथून जवळ पडणार होतं. भांडण नव्हतं, दोन चुली व्हायची वेळ झाली होती एवढंच. सामान निघालं, आणि सामानात चूलही निघाली. वयनी माझ्याकडे आली.

"गो, ती माका काय उघडूक येवची नाय. तूच बघ."

तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चूल तिची झाली होती, पण माझ्या हाताशिवाय ती अंगणातून हलणार नव्हती. भावोजी म्हणाले, त्यात काय, चौघे धरून टेम्पोत चढवू. मी म्हटलं, चढवा, आणि कारापूरला पोचल्यावर खापऱ्या झाडून घ्या.

निघायच्या आदल्या दुपारी शेवटचे बांगडे तिच्यात भाजले. जेवणं झाल्यावर मी खालची खिडकी आणि वरची टोपी बंद केली, म्हणजे निखारे आपोआप विझतात, आणि सगळ्यांना बजावलं की आता हिला हात लावू नका. सकाळी टेम्पो दारात आला. मी पदर खोचला, निळ्या पोटावर तळवा ठेवला, आणि दचकले. कोमट लागत होती.

झाकण उघडून सळईने राख सारली तर खाली लालबुंद निखारे. आणि खालची खिडकी उघडी. मागे वळून पाहिलं तर सासूबाई देवघराच्या उंबऱ्यावर निवांत वाती वळत बसलेल्या.

"थंड चूल घेवन कोण नव्या घरात जाता?" त्या म्हणाल्या.

आमच्या घरात वेगळं होताना जुन्या चुलीतला विस्तव नव्या चुलीत नेण्याची रीत आहे. स्वयंपाक केव्हाच गॅसवर गेला होता. सासूबाईंनी विचार केला असेल की चूलच जाते आहे तर विस्तव तिच्यातूनच जाऊ दे. पहाटे त्यांनी न्हाणीच्या चुलीतले निखारे आणून राखेखाली पुरले होते, पूर्वी बायका रात्री विस्तव झाकून ठेवत तसे. थोरल्या सुनेच्या संसारासाठी एवढी काळजी. मी या घरात आले तेव्हा माझ्यासाठी कुणी काय पुरलं होतं, ते मला आठवेना.

भावोजी घड्याळ बघू लागले. टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. आणि वयनी विहिरीवरून पाण्याने भरलेली बाल्दी घेऊन आली. आमच्याकडे चूल विझवायची ती अशीच, पाण्याचा शिंतोडा मारून. ती बाल्दी वाकवणार, तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं.

"वयनी, पाणी नको!"

"मगे ती निवतली कशी?"

तापलेल्या मातीवर गार पाणी पडलं असतं तर आतलं भांडं तिथल्या तिथे तडकलं असतं. कुणी मला बोल लावला नसता. पाणी ओतणारी ती, विस्तव पुरणाऱ्या सासूबाई. मी नुसती गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. पण मी ओरडले, आणि तिच्यासाठी ओरडले नाही. त्या भांड्याची राख मी इतकी वर्षं हातांनी काढली होती. ते माझ्यासमोर फुटणं मला बघवलं नसतं.

निखारे चिमट्याने वेचून मी एका मडक्यात राखेवर ठेवले, वरून आणखी राख घातली, आणि मडकं सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, हा तुमचा विस्तव. आता चूल निवेपर्यंत टेम्पो थांबेल. टेम्पो थांबला. दुपार टळेपर्यंत भावोजी अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि मी पायरीवर बसून चहा पीत होते. तो चहा फार गोड लागला.

मग मी चूल उघडली. झाकणाला दुसऱ्या बाजूने माझा नवरा होता. त्याला मी एकदाही 'हळू' म्हटलं नाही, फक्त "सरळ उचल" म्हटलं. मातीचा एकेक भाग वाकळीत गुंडाळला, पोट ट्रकच्या जुन्या टायरमध्ये भाताच्या पेंढ्यावर बसवलं, झाकण उपडं करून दुसऱ्या टायरमध्ये. टेम्पोत पुढे वयनी मांडीवर विस्तवाचं मडकं घेऊन बसली. तिने हाक मारली, "चल गो, थंय जोडून दी आनी सांजच्या बसन ये."

"येईन मागाहून," मी म्हटलं.

गेले नाही. चतुर्थीला ती सगळी चोपड्याला आली तेव्हाही तो विषय मी निघू दिला नाही. नवरा मधून मधून कारापूरला जाई आणि येऊन सांगे की ती चूल अजून वाकळीत तशीच पडली आहे, वयनी कुणाला हात लावू देत नाही. ऐकून मला बरं वाटायचं. चूल तिच्या ओसरीवर, पण तिची रीत माझ्याकडे. हिशोब बरोबर होता.

तुळशीच्या लग्नाला मात्र कारापूरला जावंच लागलं. वयनीने चहा दिला, खायला दिलं, आणि मग माझ्यासमोर जमिनीवर बसली. मला वाटलं, आता गोड बोलेल. ती बोलली ते वेगळंच.

"चूल माका दिली ती खरी. पण शिकयल्यान कोणाक? तुका. मी रांदताना जनेलातसून बघीत रवलंय. तुमी दोघी मातयेत बसान हसत होत्यात. माका कधी हाक मारल्यान नाय."

गोरीच्या शेजारी खुर्चीवर बसणारी, सगळ्यांना आवडणारी ही बाई, आणि ती खिडकीत उभी राहून माझ्यावर जळत होती! मला हसू आलं आणि त्याच दमात थोडी लाजही वाटली. इतकी वर्षं आम्ही एकाच घरात, एकाच चुलीवरून, एकमेकींवर जळत होतो आणि दोघींनाही पत्ता नव्हता.

"चल, ऊठ," मी म्हटलं. "शिकवते."

अंगणात वाकळी सोडल्या. पोट टेकवलं, भांडं बसवलं, कडं, जाळी. झाकण उचलायची वेळ आली तेव्हा तिने ते चुकीच्या बाजूने धरलं. पुन्हा धरायला लावलं. झाकण हवेत होतं, ते जरासं तिच्याकडे कललं, आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हळू, बाय." झाकण पट्ट्यात नीट बसलं. वयनी मातीत फतकल मारून हसली. मीही हसले.

परतीच्या बसमध्ये डिचोली गेली, अस्नोडा गेला, म्हापशाला उतरून मी दुसरी बस धरली, आणि चोपड्याचा पूल येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की आता चूलही तिची आणि ती उघडायची रीतही तिची. हात कोळशाने काळे होते ते मी घरी जाऊन धुतले.

पुढच्या मिरगाच्या पावसाच्या थोडं आधी तिचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. म्हणाली, आज चूल उघडतेय, शेजारणीला धरायला बोलावलंय, तिला सगळं दाखवलंय. मी हं, हं करत होते. ती फोन ठेवायला विसरली असावी. पलीकडून पट्ट्याचा बोल्ट किरकिरला, मग दोघींचं कण्हणं, आणि मग वयनीचा आवाज, शेजारणीला उद्देशून, अगदी मायेने:

"हळू, बाय."

मी फोन ठेवला. चूल तिला गोरीने दिली होती, रीत मी दिली होती. ते दोन शब्द मात्र तिला कुणी दिले नव्हते.