केळवण आणि बचतीचे नळ

आमच्या घरातले सगळे नळ काढून मी पाणी वाचवणारे नळ बसवले आणि दुसऱ्याच दिवशी घरात वाचवायला पाणीच उरलं नाही.

आमची डोंबिवलीत पाणी वाचवा मोहीम आहे. आमची म्हणजे माझी, माझ्या दोन मैत्रिणींची आणि एका मेगाफोनची. पत्रकं मी लिहिते. ('थेंब सांडणारा हात हा गुन्हेगाराचा हात आहे!' हे माझंच. पुढे ते जरा मऊ करावं लागलं, कारण पत्रक घेणाऱ्याच्या दुसऱ्या हातात बहुतेक वेळा पाण्याची बाटली असते.) पण आमच्याकडे सकाळी पाऊण तास पाणी येतं. इथे पाण्यावर भाषण म्हणजे उपाशी माणसाला डाएट शिकवणं. माझा खरा डोळा होता माजिवड्यातल्या आत्याच्या टॉवरवर. तिथे पोहायचा तलाव, गेटपाशी निळ्या दिव्यांत नाचणारं कारंजं आणि पाइप सोडून गाड्यांना घातल्या जाणाऱ्या शाही आंघोळी. आमच्या पिंपाच्या तळाला कप लागतो तेव्हा तिकडे कारंजं नाचत असतं. हा अन्याय आहे.

"आत्या, तुमच्या क्लबहाउसमध्ये मला फक्त अर्धा तास बोलू दे," असं मी दोन वर्षं म्हणत होते.

"बघू गं मिनू. तेव्हा झुंबा असतो."

मग आत्याच्या श्रुतीचं लग्न ठरलं. मामाकडचं केळवण म्हणजे आमच्याकडे, आणि आत्या नवऱ्यामुलाकडच्या मंडळींनाही घेऊन येणार होती. आईसाठी हा अब्रूचा प्रश्न होता. आत्याच्या मते डोंबिवलीतली माणसं बादलीत जगतात. "यंदा तिला बोट ठेवायला जागा द्यायची नाही," असं आईने दात-ओठ खाऊन अळूची पानं निवडताना जाहीर केलं. मी वेगळंच ठरवलं. आपलं घरच भाषण झालं पाहिजे. आत्याने बघावं, थक्क व्हावं आणि झुंबा रद्द करावा.

केळवणाच्या आदल्या दुपारी आधी मोरीतला पितळी नळ गेला. तिथे जाळीवाला नळ आला. त्यातून पाण्यात हवा मिसळून बाहेर येते, धार भरगच्च दिसते आणि पाणी कमी लागतं. बाथरूममध्ये दाबायचा नळ बसवला. एकदा दाबला की थोडं पाणी येतं आणि नळ आपला आपण बंद होतो. बेसिनला सेन्सरचा नळ. हात समोर धरला की चालू, काढला की बंद. "पाहुण्यांना नळाला हातही लावायला नको," मी म्हटलं.

"आणि भरायचं कसं?" आईने विचारलं.

"काय भरायचं?"

हा प्रश्न मी किती मूर्खासारखा विचारला, हे मला केळवणाच्या सकाळी कळलं.

त्या सकाळी आईने जाळीवाल्या नळाखाली पिंप लावलं आणि ती पुरणाकडे वळली. बाबा आंघोळीला गेले. त्यांनी नळ दाबला, तांब्या अर्धा भरला, नळ बंद. पुन्हा दाबला. मग तोंडाला साबण लागला आणि भिंतीवर चाचपडण्याचे आवाज यायला लागले.

"मिनू, हा नळ आहे की घंटी? दाबतोय, कोणी येत नाहीये!"

शेवटी बाबांनी एका हाताने नळ दाबून धरून दुसऱ्या हाताने आंघोळ केली. म्हणजे अर्धीच केली. तेवढ्यात पाणी गेलं. आईने पिंपात डोकावलं. पाणी घोट्याएवढं होतं.

"अगं, धार तर एवढी दिसत होती!"

"आई, ती हवा असते."

"मग वरणात काय घालू, हवा?"

हात धुताना धार बारीक केली की पाणी वाचतं. पिंप भरताना बारीक केली तर पिंप भरत नाही, कारण पिंपाला सगळंच पाणी हवं असतं. एवढी साधी गोष्ट मोहिमेच्या एकाही बैठकीत कुणाला सुचली नव्हती. (घरी पाणी भरणाऱ्या बायका बैठकीला आल्याच नव्हत्या. त्या वेळी त्या पाणी भरत होत्या.) पण बेसिनला पाणी देणारी माळ्यावरची टाकी दुसऱ्या पाइपने आपोआप भरते, ती भरलेली होती. आईने सुस्कारा सोडला आणि बेसिनजवळ पाहुण्यांसाठी नवा कोरा नॅपकिन लटकवला.

मंडळी आली. सरबत झालं. आत्या हॉलभर नजर फिरवत होती. मी संधी साधली आणि उभी राहिले.

"आमच्या घरात आज एकही थेंब वाया जात नाही," मी म्हटलं. "माजिवड्यात कारंजी नाचतात, इथे आम्ही..."

"मिनू, कसला आवाज येतोय गं?" आत्या म्हणाली.

"तो बचतीचा आवाज आहे, आत्या. हवा मिसळली की असा येतो." मी आणखी बरंच बोलले. नवऱ्यामुलाची आई तर मान डोलवत होती. मग आवाज थांबला. तोही मला माझ्या भाषणाचा परिणाम वाटला.

आई बेसिनकडे गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली, पूर्ण नावाने. पंख्याच्या वाऱ्यावर तो नॅपकिन सेन्सरसमोर झुलत होता. झुलला की नळ चालू. अख्खी टाकी त्या नॅपकिनने हात धुण्यात संपवली होती.

मी कळशी घेऊन शेजारी सावंतकाकूंकडे धावले.

"'शेजाऱ्याचाही थेंब जपा' हे तुझंच पत्रक ना?" काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या. "जपतेय बघ." मग हसून त्यांनी कळशी भरून दिली.

तोवर आईने पदर खोचला होता. बाबांना केळीची पानं आणायला पिटाळलं, ताटं कपाटातच राहिली. पिण्याचं पाणी काकूंच्या कळशीतलं. जेवणं झाल्यावर आई दारात बसली आणि पिंपातलं पाणी तांब्याने प्रत्येकाच्या हातावर स्वतः घातलं, एवढीशी धार, खाली परात. परातीतलं पाणी संडासाच्या बादलीत. वीसेक माणसं जेवून उठली आणि पिंपात अजून पाणी होतं.

आत्या सगळं बघत होती. आई मान खाली घालून टोमण्याची वाट बघत होती.

"वहिनी," आत्या म्हणाली, "आमच्याकडे एवढ्या पाण्यात एक गाडी धुऊन होत नाही. तू ये आमच्या क्लबहाउसमध्ये. हे सगळ्यांना सांग."

"त्या वेळी झुंबा असतो ना?" मी विचारलं.

"त्यांना दुसरी वेळ देऊ."

आई गेली. खचाखच भरलेल्या हॉलमध्ये अर्धा तास बोलली. मी दारात उभी राहून पत्रकं वाटली. शेवटी एका बाईंनी विचारलं, नळ नक्की कुठले घ्यायचे?

"धुवायच्या नळाला जाळी लावा, भरायच्या नळाला हात लावू नका," आई म्हणाली. मग तिने दाराकडे बघितलं. "आणि घरात कार्यकर्ती असेल, तर केळवण हॉटेलात करा."

त्या दिवशी सर्वांत जास्त टाळ्या या वाक्याला पडल्या. पुढच्या पत्रकावर तेच छापायचं, असं मोहिमेने एकमताने ठरवलंय. विरोधात फक्त मी होते, पण मेगाफोन मैत्रिणीकडे होता.