बारीक झालेलं रान

वनखात्याच्या कचेरीत तिला सगळे टेपबाई म्हणत. सव्वीस वर्षं एकच काम: झाडाच्या खोडाभोवती टेप गुंडाळायची, घेर वाचायचा, वहीत लिहायचा. घेर वाढला म्हणजे लाकूड वाढलं, आणि लाकूड वाढलं म्हणजे झाडानं हवेतला तेवढा कार्बन पोटात घातला. इतकं सोपं आहे बघा. पण साहेब लोकांना हेच सांगायला चाळीस पानं लागतात.

"लठ्ठपणावर खूश होणारी जगात ही एकटीच बाई," नवरा चिडवायचा.

"थांबा, तुमचंही पोट मोजते," ही म्हणायची.

यंदा तिचा गुडघा धरला, म्हणून जुन्या रानाच्या मोजणीला बाहेरची माणसं आणली. अहवाल आला आणि कचेरी चाट पडली. घेर वाढायचे सोडून चक्क घटले होते! मोठ्या साहेबांनी निकाल देऊन टाकला: म्हातारी झाडं आता काही कामाची नाहीत, तोडा आणि रोपं लावा, रोपं भराभर वाढतात. फक्त मोजणीच्या कागदावर टेपबाईची सही राहिली होती.

"मी नाही करणार," ती म्हणाली.

"बाई, आकडे समोर आहेत."

"असू देत. अख्खं रान एका वर्षात बारीक झालं? झाडांनी काय व्यायाम सुरू केलाय?"

कारकून फिसकन हसला. साहेब नाही हसले. "सही नसेल करायची तर उद्यापासून येऊ नका."

झालं! बाईंचं डोकं सणकलं. "नाही येत, जा! पण आज मी कामावर आहे ना? मग चला रानात."

सगळी कचेरी टकामका बघत होती, साहेबांना उठावंच लागलं. दुखरा गुडघा ओढत बाई सगळ्यांच्या पुढे.

बाहेरून आणलेला मोजणीचा गडीही बरोबर घेतला होता, ताडमाड उंच. पहिल्याच झाडाशी त्याला ती म्हणाली, "कसं मोजलंस, दाखव." त्यानं हात सहज पोचले तिथं टेप गुंडाळली. बाईंनी वाकून त्याच्या टेपेच्या बरंच खाली शेवाळ खरवडलं. आतून तांबडा पट्टा निघाला. दरवर्षी घेर नेमका तिथंच मोजायचा, म्हणून तिनं स्वतः रंगवलेला.

"अरे शहाण्या, वर खोड निमुळतं होतं! खरवडून बघायचं नाही होय?"

गड्याचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी पट्ट्यावर टेप लावली. गेल्या वर्षीपेक्षा घेर बोटभर जास्त.

"साहेब, एवढ्या जाड खोडावर बोटभर घेर म्हणजे लाकूड किती झालं? तुमच्या ढीगभर रोपांना जमेल तेवढं? आणि हे तोडून जाळलं, कुजलं, की दीडशे वर्षांचा साठा परत हवेत. मग बसा रोपांना पाणी घालत!"

"हे एक झाड झालं," साहेब म्हणाले. "बाकीच्यांत तुम्ही खोट्या पडलात तर?"

"तर तसंच लिहीन आणि खाली सही करीन. पण चुकीच्या घेरावर एक झाड पडू देणार नाही. नोकरी काढून घ्या, नाहीतर अख्खं रान मला पुन्हा मोजू द्या."

साहेबांनी बिनसहीच्या कागदाची घडी करून खिशात घातली. बाई लंगडत दुसऱ्या झाडाशी गेली. ते खोड एकटीच्या कवेत मावणारं नव्हतं.

"उभे काय राहिलात?" ती साहेबांवर खेकसली. "हे टोक धरा. आणि सरळ धरा, तिरकं चालायचं नाही."

साहेबांनी धरलं.