बेल वाजली नाही त्या दुपारची हकिकत

"पप्पांनी घरभर यंत्रं बसवली आणि आईला त्या यंत्रांच्या भरवशावर सोडून ते बाजारात गेले. यंत्रं बंद पडली. आई पलंगावरून पडली आणि गार फरशीवर तशीच राहिली. तिला बिचारीला काय झालं तेही कळलं नसेल."

ही हकिकत माझ्या मुलीची. तिने ती प्रथम डॉक्टरांना सांगितली, मग फोनवर माझ्या बहिणीला, आणि भाऊबिजेला मंडळी पानावर बसली असताना, मी समोर असूनही नसल्यासारखे मानून, सर्वांना सांगितली. त्यातले माझे बाजारात जाणे तेवढे खरे आहे. बाकीचे मला मान्य नाही. का मान्य नाही ते लिहून ठेवतो, कारण तोंडी बोललेले आता या घरात कोणी शेवटपर्यंत ऐकून घेत नाही. येत्या रविवारी गाडी येणार आहे. माझ्या पत्नीला मनवेलपाड्याला, मुलीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेण्याचे ठरले आहे. "तुम्हीही या ना पप्पा," असे मला म्हटले गेले आहे; उठून निघालेल्या पाहुण्याला 'जेवून जा' म्हणतात, त्या सुरात.

अर्धांगाचा झटका येऊन तिला दोन पावसाळे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात चालतो. डावा पाय आढेवेढे घेत चालतो. बुद्धी शाबूत आहे की नाही याविषयी घरात दोन मते आहेत. मुलीचे मत असे की आईला आता घर काय नि फ्लॅट काय, सारखेच. आगाशीच्या अलीकडची ही वाडी, खिडकीबाहेरची केळ, विहिरीवरच्या पंपाचा आवाज, यांतले तिला काही उमगत नाही; तेव्हा जिथे माणसे आहेत तिथे तिला न्यावे. माझे मत उलट आहे. वाद खरा एवढाच आहे. यंत्रे मध्ये उगाच ओढली गेली.

तरी यंत्रांविषयी आधी बोलले पाहिजे, कारण त्यांना 'पप्पांचे खेळ' म्हटले जाते.

मी उभी हयात कारखान्यात मापनयंत्रांच्या देखभालीवर काढली. दाब, उष्णता, प्रवाह यांचे काटे खरे बोलतात की खोटे, हे ठरवणे माझे काम होते. तेव्हा पत्नीच्या हाताशी एक बटण द्यावे, तिने ते दाबले की पडवीत भोंगा वाजावा आणि माझा फोनही वाजावा, तिचा पंखा नि दिवा मला वाडीतून लावता-बंद करता यावा, एवढी इच्छा म्हणजे खेळ नव्हे. बोलता न येणाऱ्या माणसाला हाक देता यावी, यासाठी केलेली ती व्यवस्था होती.

ती उभी करताना जे सोसले ते कोणी पाहिलेले नाही. विरारच्या एका दुकानात तरुण विक्रेत्याने मला सल्ला दिला:

"काका, बोलून चालणारं घ्या. नुसतं म्हणायचं, लाइट लाव. की लागला!"

"माझी पत्नी बोलत नाही."

तो ओशाळला. मग थोडा विचार करून म्हणाला, "मग तुम्ही बोला."

आमच्याकडे वीज जाते आणि येते; त्यात काही नवल नाही. नवल हे की वीज परत आल्यावर हे हुशार स्विच बंदच राहत. भर उकाड्यात तिचा पंखा थांबलेला, आणि मी मात्र केळीला पाणी लावत निश्चिंत. इंटरनेटवर अशा वस्तूंच्या हौशी लोकांचा एक गट आहे. तिथे मी रीतसर प्रश्न लिहिला. एकाने लिहिले, सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून जोडा. दुसऱ्याने विचारले, अंकल, घरात कोणी तरुण नाही का? तिसऱ्याने हसणारे चित्र टाकले. उत्तर अखेर मीच काढले. कारखान्यातून येतानाच स्विचला 'पुरवठा परतला तरी बंद राहा' असे शिकवलेले असते. ते बदलून 'पूर्वी होतास तसा हो' असे सांगावे लागते. ते मी सांगितले. त्यानंतर पंखा एकदाही रुसला नाही.

बेलचेही तसेच. बटणाचा संदेश हवेतून राउटरकडे जातो आणि राउटर तो पडवीतल्या भोंग्याला देतो. केबल तुटून बाहेरचे इंटरनेट गेले, तरी घरातल्या घरात बेल वाजली पाहिजे, अशी जोडणी मी केली. राउटर इन्व्हर्टरवर घेतला, म्हणजे वीज गेली तरी चिंता नाही. बटणातला सेल उतरू लागला की फोनवर आगाऊ सूचना यावी, हेही केले. आणि राउटरच्या प्लगवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: 'काढू नये.'

त्या दुपारी मी बाजारात गेलो तो या सेलसाठीच. हस्ताचे दिवस होते. शेतात भात पिवळे पडू लागले होते. गास गावाहून येणारी, पत्नीला सांभाळणारी बाई घरच्या कापणीच्या तयारीसाठी सुट्टीवर होती. सेल उतरत असल्याची सूचना सकाळी फोनवर आली. तो चपटा सेल आमच्या गावात मिळत नाही. आगाशीच्या घड्याळवाल्याकडे मिळतो. जुना सेल अजून चालत होता, निघण्यापूर्वी बटण दाबून भोंगा मी स्वतः ऐकला. शेजारच्या घरातून वहिनीला बोलावले, तिला पत्नीजवळ बसवले आणि मगच निघालो. याला भरवशावर सोडणे म्हणत असतील, तर माणूस माणसाला दुसरे काय करतो?

घड्याळवाल्याच्या दुकानात असतानाच आभाळ काळे झाले आणि गडगडू लागले. मी फोन काढला. घरातल्या साऱ्या वस्तूंची चित्रे फिकी पडली होती: पंखा, दिवा, भोंगा. संपर्क नाही. बाहेरची केबल गेली असेल असे मनाला सांगितले, कारण पावसात ती जातेच. आणि केबल गेली तरी घरातली बेल वाजते, हे मला माहीत होते. वहिनीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. मग पाऊस असा कोसळला की समोरचे देऊळ दिसेना. बस येईना. उभ्या असलेल्या एकमेव रिक्षाचा चालक पडदे सोडून आत बसला होता.

"चल बाबा, घरी आजारी माणूस आहे."

"आजोबा, रस्ता दिसत नाही, झाड पडलं अंगावर तर?"

"तर मी पुढे बसतो. आधी माझ्यावर पडेल."

तो हसला नाही, पण त्याने रिक्षा सुरू केली. सारा रस्ताभर मी त्या फिक्या चित्रांकडे पाहत होतो. तरुणपणी बॉयलरच्या काट्याकडेही कधी इतके एकटक पाहिले नव्हते.

घरी पोचलो तो दार लोटलेले, पडवीत कोणी नाही, भोंगा मुका. पत्नी जमिनीवर होती. ती नेमकी कुठे होती ते शेवटी सांगतो, कारण त्याकडेच सगळ्यांनी दुर्लक्ष केले आहे. मला पाहून तिने तोंडातून एक आवाज काढला. दोन वर्षांत तसा आवाज मी ऐकला नव्हता. मला तिला एकट्याने उचलता येईना. काखेत हात घालून, मागे सरकत सरकत, मी तिला पलंगापर्यंत आणले आणि पलंगाला टेकवून बसवले. तेवढ्यात डोक्यावर गोणपाट धरून वहिनी धावत आली. दोघांनी मिळून तिला वर घेतले. वहिनीने जे पाहिले ते एवढेच: पत्नी पलंगाच्या पायाशी. पुढे साऱ्या गावाला 'पलंगावरून पडली' हे समजले ते वहिनीकडून. ती खोटे बोलत नाही, हे मी तिच्या बाजूने नोंदवतो. तिने कथा मधूनच पाहिली.

पण त्या कथेची सुरुवात तिनेच केली होती. आमच्या वाड्यांमध्ये एक रीत आहे. वीज कडाडू लागली की हातातले काम टाकून आधी प्लग काढायचे. पूर्वी रेडिओचा, मग टीव्हीचा, आता जे काही दिसेल त्याचा. एकदा आमच्या चुलत्यांच्या माडावर वीज पडली आणि तिने घरातला टीव्ही जाळला. तेव्हापासून ही रीत देवाला दिवा लावण्याइतकी पक्की झाली. वहिनीने ती पाळली, आणि मग अंगणात वाळत घातलेल्या खोबऱ्याच्या वाट्या भिजतील म्हणून स्वतःच्या घरी पळाली. पाऊस उणावेपर्यंत तिकडेच अडकली. तिचा फोन इथेच आमच्या पडवीत राहिला होता.

मी विचारले, "वहिनी, राउटरचा प्लग कोणी काढला?"

"मी टीव्हीचा काढला."

"बोर्डात दोन होते. दोन्ही सुटलेले आहेत."

"मग दोन्ही काढले असतील. वीज काय विचारून पडते, भावोजी?"

"त्यावर चिठ्ठी होती. काढू नये, अशी."

"चश्मा घरी राहिला होता. आणि बाय एकटी कुठं होती? तिच्या हाताशी तुमची बेल होती ना! बेलच्या जिवावर तर मी गेले."

जी बेल तिने आपल्या हाताने मुकी केली, तिच्याच जिवावर ती गेली. तिला रडू आले, आणि तिचे रडणे खरे होते. पण यंत्रे बंद पडली असे जे म्हणतात त्यांना माझे सांगणे आहे: एकही यंत्र बंद पडले नाही. प्लग लावला आणि पहिल्या दाबाला भोंगा वाजला.

भाऊबिजेला हे सर्व मी मांडले. मुलगी शांतपणे ऐकत होती. ती मोठ्या पगारावर आहे, मोठ्या सभांत बोलते; तिला शांत राहता येते.

"पप्पा, तुमचं सगळं बरोबर. स्विच बरोबर, बेल बरोबर, काकूचं चुकलं. पण लागलं कुणाला? आईला."

"पुन्हा तसे होणार नाही. मी राउटर कपाटात कुलपात ठेवला आहे."

"म्हणजे पुढची गंमत दुसरीकडून होईल. तुम्ही घराची प्रयोगशाळा केलीत."

"आणि तुझ्या फ्लॅटमध्ये? तू दिवसभर ऑफिसात. तिथे तिची हाक कोण ऐकणार?"

"बाई असेल."

"वहिनीही होती."

जावई जेवणाकडे बघत राहिले. बहिणीने मला बासुंदी वाढली. या घराण्यात पुरुषाला गप्प करण्याची ती जुनी पद्धत आहे. मग मुलगी आत गेली, आईच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "आई, येशील ना माझ्याकडे?" पत्नीच्या डोळ्यांतून पाणी आले. "बघा," मुलगी म्हणाली, "तयार आहे ती." मी म्हटले, ती नाही म्हणते आहे. अश्रूंवर दोघांनी दोन दावे सांगितले आणि तिचे ते अश्रू कोणी पुसले नाहीत, हेही खरे.

मग मी सर्वांसमोर सांगितले की ती पलंगावरून पडलेलीच नाही. ती उतरली. ती कुठे सापडली तेही सांगितले. मुलीने माझ्या हातावर हात ठेवला.

"पप्पा, तुम्ही घाबरला होता. घाबरलेल्या माणसाला पुढे तसं आठवतं. ती पडली असेल, वायर हाताला आली असेल."

तिचा हात मायेचा होता, म्हणूनच तो मला सहन झाला नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर चालले असते. तिने माझी आठवण काढून घेतली. आता मी काहीही म्हटले तरी ते म्हाताऱ्याचे घाबरणे ठरणार. रविवारची गाडी सांगून ठेवलेली आहे. तिचे दोन गाऊन, औषधे आणि हवेची गादी कशात भरायची याची चर्चा माझ्यादेखत चालते, आणि मी पडवीत बसून राहतो.

तरीही जे डोळ्यांसमोर आहे ते कोणी तपासून पाहावे. पलंग खिडकीला लागून आहे. टीव्ही आणि राउटर समोरच्या भिंतीला, दारापाशी. त्यांचा बोर्ड जमिनीपासून वीतभर उंचीवर. मध्ये सारी खोली. पडलेले माणूस पलंगाच्या कडेला सापडते, ते खोली ओलांडत नाही. पडलेल्या माणसाच्या खुब्याला मुका मार लागतो. डॉक्टरांना तिच्या खुब्यावर काही दिसले नाही, दिसले ते डाव्या कोपराचे आणि डाव्या गुडघ्याचे सोललेले कातडे. फरशीवर अंग ओढत नेल्याशिवाय ते तसे सोलत नाही. आणि यंत्रे जोडताना मी जे पुटपुटत असे, आधी राउटरचा दिवा बघ, दिवा नसेल तर प्लग बघ, ते ऐकायला त्या खोलीत तिच्याखेरीज दुसरे कोणी नव्हते. वहिनीने प्लग उपसला तो तिच्या डोळ्यांदेखत. तिने बटण दाबले असेल, भोंगा ऐकू आला नसेल, आणि तो का आला नाही हे तिला या घरातल्या कोणाहीपेक्षा आधी कळले असेल, आणि आता काय करायचे तेही. 'असेल' हा शब्द मी मुलीसाठी वापरतो आहे. माझ्यापुरते सांगायचे तर मी दार ढकलले तेव्हा माझी पत्नी बोर्डाखाली होती, आणि राउटरचा प्लग तिच्या डाव्या मुठीत होता.