कागद पुढे, उमेदवार मागे

औरंगाबादहून जालन्याला जायला मी एक दिवस आधी निघालो. निघालो तेव्हा मी घरीच होतो आणि त्यानंतरही दिवसभर घरीच राहिलो. पण मी निघालेलो आहे, याबद्दल आमच्या घरात कुणालाही शंका नव्हती.

हे नीट सांगायला हवं. छत्रपती संभाजीनगरला औरंगाबादच म्हणत, तेव्हाची ही गोष्ट. जालन्याच्या एका शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा होती. सोमवारी सकाळी अकराला मुलाखत. पत्राच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेलं होतं, ‘मूळ प्रमाणपत्रे सोबत नसल्यास मुलाखत घेतली जाणार नाही.’ आमच्या सात पिढ्यांत पदवी घेतलेला मी पहिलाच. आण्णा एका सरकारी कचेरीत शिपाई. दुसऱ्यांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, आणि आता त्यांच्या पोराची स्वतःची फाइल झाली होती! दहावीपासून बी.एड.पर्यंतची सगळी प्रमाणपत्रं त्या एकाच निळ्या फायलीत होती. आईला अक्षरओळख नाही. पण दसऱ्याला ती त्या फायलीला हळदकुंकू वाहायची. (बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेवर आजही एक पिवळा डाग आहे. तो रसायनशास्त्राच्या गुणांवर पडला आहे, हे एका परीने बरंच झालं.)

साठ किलोमीटरचा रस्ता. एस.टी.ने गेलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मीच म्हणालो, “एस.टी.चा भरवसा नाही. आयुष्याचा प्रश्न आहे. गाडी करू.” उस्मानपुऱ्यात आमच्या शेजारीच सलीमभाई राहायचे. त्यांची एक जुनी अँबॅसडर होती. ती भाड्याने लग्नात जायची आणि बरेचदा वऱ्हाडी ढकलत परत आणायचे.

मी फूटपट्टी घेऊन वेळापत्रक आखलं. साडेसात, उस्मानपुरा. सात पन्नास, चिकलठाणा. साडेआठ, करमाड. नऊ दहा, बदनापूर. साडेनऊ, जालना. दीड तास हातात! तीन प्रती काढल्या. एक आण्णांना, एक सलीमभाईंना आणि एक घराच्या दाराला बाहेरून चिकटवली, म्हणजे मागे कुणी आलं तर त्याला कळावं. सलीमभाईंनी आपली प्रत उलटी धरून पाहिली आणि म्हणाले, “मास्टर, बहोत अच्छा है. मगर ये मेरी गाडी कू भी पढ के सुनाना पडेगा.”

इथवर सगळं ठीक होतं. मग आईनं विचारलं, “वार कोणता रे?”

“सोमवार.”

“आन् जालना कुठं?”

“पूर्वेला,” मी म्हणालो आणि म्हणताक्षणी जीभ चावली.

“सोमवारी पूर्वेला दिशाशूळ असतंय!” आई मटकन खाली बसली. “सोमवारी त्या दिशेनं पाय उचलायचा नाय म्हंजे नाय!”

सलीमभाईंनी समजूत घातली, “भाभी, अपनी गाडी कू पूरब-पश्चिम कुछ समझता नइं. उसकू सिर्फ चढाव समझता.”

पण आण्णांनी खुंटीवरचं पंचांग काढलं आणि तोडगा सांगितला. प्रस्थान ठेवायचं! म्हणजे प्रवासाचा दिवस वाईट असेल, तर आदल्या चांगल्या दिवशी आपलं काहीतरी सामान त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. सामान निघालं की माणूस निघाला, असं धरतात. दुसऱ्या दिवशी वाटेत ते उचलायचं आणि पुढं जायचं. जालना रस्त्यावर चिकलठाण्याला आण्णांचे चुलतभाऊ काशिनाथतात्या राहत. तिथं रविवारी सकाळी नऊच्या मुहूर्तावर नारळ, सुपारी आणि माझा एक पंचा ठेवायचा ठरला. मी वेळापत्रकाच्या तिन्ही प्रतींत चिकलठाण्यापुढे ‘प्रस्थान घेणे’ अशी भर घातली.

मी गप्प बसलो असतो तर वाचलो असतो. पण मी विज्ञानाचा पदवीधर! मला एक कल्पना सुचली. म्हटलं, “आई, प्रस्थान ठेवायचंच तर त्यात फाइलपण ठेवू. म्हणजे उद्या घाईत ती घरी विसरण्याचा प्रश्नच नाही. जी वस्तू घरात नाही, ती घरी राहीलच कशी?”

आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. “शिक्षण ते शिक्षण,” ते आईला म्हणाले.

रविवारी नऊला आण्णा सायकलवर गाठोडं घेऊन गेले आणि मी अधिकृतपणे निघालो. तात्या कारखान्यात पाळीला गेलेले होते. आण्णांनी गाठोडं काकूंच्या हाती दिलं, “गजूचं प्रस्थान आहे, देवापुढं ठेवा,” एवढंच सांगितलं आणि परत आले.

सोमवारी आई-आण्णाही गाडीत बसले आणि सात अठ्ठावन्नला आम्ही चिकलठाण्याला पोचलो. वेळापत्रकापेक्षा आठ मिनिटं उशीर. पण मी मनाशी म्हटलं, चालेल. सलीमभाईंनी गाडी बंद केली नाही. (बंद केली की ती परत सुरू होण्याआधी विचार करत असे.) काकूंनी मला ओवाळलं, पायावर पाणी घातलं आणि गाठोडं हातात दिलं. मी वरूनच चाचपलं. नारळ लागला. सुपारी लागली. परत चाचपलं.

“काकू, फाइल?”

“ती ना? ती तर हे घिऊन गेले की तुमच्याकडं! सकाळी सातलाच. रात्री गाठोडं बघितलं आन् कपाळावर हात मारला. म्हनले, प्रस्थानात कुनी फाइल ठिवतंय व्हय? पोरगं येडं, नोकरीचे कागद नारळासंगं गुंडाळून इथं धाडून बसलं! जाऊन देतो बिचाऱ्याला.”

माझ्या कानांत एकदम शिट्टी वाजायला लागली. तात्यांचं काय चुकलं? पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी प्रस्थानात नारळ ठेवला, सुपारी ठेवली. बी.एड.चं प्रमाणपत्र ठेवणारा त्यांच्या माहितीत मी पहिलाच होतो!

“सलीमभाई, गाडी फिरवा!” मी ओरडलो आणि दार उघडलं. आईनं मागून माझा शर्ट धरला.

“तू नाय जायचं! निघालेल्यानं माघारी घरी जायचं नसतंय. प्रस्थान मोडतं!”

“अगं आई, फाइल नसेल तर मुलाखतच नाही! आणि दिशाशूळ पूर्वेला, असं तूच म्हणालीस. घर तर पश्चिमेला आहे!”

“जायला नाय रे. पन मग सोमवारीच परत पूर्वेला निघावं लागंल का नाय?”

मी गाडीचं दार परत लावलं.

शेवटी आण्णा आणि सलीमभाई गेले. मी आणि आई जालना रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. माझ्या हातात नारळ. सव्वाआठ झाले. साडेआठ झाले. दर मिनिटाला मी घड्याळ बघत होतो आणि दर दोन मिनिटांनी काकू पोह्यांची ताटली पुढे करत होत्या. डोळ्यांसमोर कोरे करकरीत कपडे घातलेले दुसरे उमेदवार दिसत होते आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक निळी फाइल होती.

आठ पंचावन्नला शहराकडून एक लाल एस.टी. आली. जालना, जलद. खिडकीत काशिनाथतात्या! मांडीवर माझी फाइल!

“तात्या! तात्या!” मी रस्त्यात धावलो. हातातला नारळ डोक्यावर नाचवला. तात्यांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी फाइल उचलून काचेला लावून दाखवली, काळजी करू नको अशी मान हलवली, हात जोडले आणि एस.टी. धुरळा उडवत निघून गेली.

काकू कौतुकानं म्हणाल्या, “किती जीव लावतेत बघ तुला!”

तात्यांनी काय केलं ते नंतर कळलं. आमच्या घराला कुलूप. दारावर माझं सुवाच्य वेळापत्रक. ‘७.३०, उस्मानपुरा सोडणे. ७.५०, चिकलठाणा, प्रस्थान घेणे.’ तात्यांना वाटलं, पोरगं नारळ घेऊन तसंच पुढं जाणार आणि जालन्यात गेल्यावर त्याला फाइल आठवणार! मग त्यांनी रिक्षा केली, स्टँड गाठला आणि पहिली गाडी पकडली. मी वेळापत्रकात ‘प्रस्थान’ऐवजी ‘फाइल’ हा साधा शब्द लिहिला असता, तर ते दारातच थांबले असते. पण मला शुद्ध लिहायची हौस.

अँबॅसडर परत आली ती नऊ पन्नासला. शेजाऱ्यांकडून कळल्यावर ते दोघे स्टँडवर गेले होते आणि तिथं सलीमभाईंनी चुकून गाडी बंद केली होती. आण्णांचा धुतलेला सदरा पाठीवर काळा झाला होता.

“पूरा स्टँड धक्का मारा, तब जा के चालू हुई,” सलीमभाई म्हणाले. “बैठो, बैठो! अब मैं इसकू जालने तक बंद नइं करता!”

त्यांनी बंद केली नाही. करमाडच्या पुढे ती आपणहून झाली. बॉनेटमधून वाफ निघू लागली. दहा वाजून पंचवीस मिनिटं. दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं. सलीमभाईंनी रिकामा डबा हलवून पाहिला. मग त्यांची नजर माझ्या मांडीवर आली.

“मास्टर, नारियल में पानी रहता ना?”

“हात लावायचा नाय!” आई किंचाळली. “प्रस्थानाचा नारळ पोचल्यावर फोडायचा असतोय!”

“भाभी, ये नइं फोडा तो पहुँचनाच नइं!”

“सलीमभाई, एवढ्याशा पाण्यानं काय होणार?” मी म्हणालो. शिक्षणाचा त्या दिवशी झालेला हा एकमेव उपयोग. मी आणि आण्णा डबा घेऊन विहिरीच्या शोधात शेतात पळालो. नवी पँट काट्याला अडकून गुडघ्यावर फाटली. पळता पळता आण्णा म्हणाले, “गजू, माझ्या फायली आजवर कधी चुकल्या नाहीत रे. तुझीच कशी चुकली?” तेवढ्यात विहीर सापडली. तिथं, त्या विहिरीच्या काठावर, मला रडू येण्याच्या बेतात होतं.

अकरा वाजता आम्ही बदनापूरही ओलांडलेलं नव्हतं. आई ओठ हलवत देवाचं नाव घेत होती. सलीमभाईही ओठ हलवत होते. ते देवाचं नाव घेत होते की गाडीला काही म्हणत होते, ते कळलं नाही.

अकरा पस्तीसला आम्ही शाळेच्या फाटकात शिरलो. गुडघ्यावर फाटलेली पँट, हात काळे आणि काखेत नारळ, अशा अवतारात मी व्हरांड्यात धावलो. बाकावर काशिनाथतात्या बसले होते. हातात शाळेचा चहा.

“तात्या, फाइल!”

“आत आहे,” ते शांतपणे म्हणाले. “सव्वादहालाच पोचलो मी. एस.टी. लई भरवशाची बघ. सव्वाअकराला तुझं नाव पुकारलं, तर मी उठलो. साहेबांना म्हनलं, पोरगं वाटंत आहे, तवर कागद बघून घ्या. समदे बघितले त्यांनी. पिवळ्या डागाचं इचारलं, ते बी सांगितलं.”

“आणखी काय सांगितलंत?” माझा आवाज चिरकला.

“समदंच. प्रस्थानाचं बी.”

एवढ्यात शिपायानं बोलावलं. आत तिघं बसले होते. मधले मुख्याध्यापक. जाड भिंगांचा चष्मा, चेहऱ्यावर हसण्याची एकही रेष नाही. समोर माझी फाइल उघडी. त्यांनी मला वरपासून गुडघ्यापर्यंत पाहिलं, मग नारळाकडे पाहिलं.

“किती वाजता निघालात?”

आमच्या गावच्या गुरुजींनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या: गणित आणि खरं बोलणं. त्यांना स्मरून मी खालमानेनं म्हणालो, “काल सकाळी नऊला, सर.”

“आत्ता अकरा चाळीस झालेत.” त्यांनी खडू पुढे केला. “अंतर साठ किलोमीटर. फळ्यावर सरासरी वेग काढा.”

मी नारळ टेबलावर ठेवला. काल नऊ ते आज अकरा चाळीस, सव्वीस तास चाळीस मिनिटं. म्हणजे ऐंशी तृतीयांश तास. साठ गुणिले तीन भागिले ऐंशी. पायरी न पायरी लिहिली, एकक लिहिलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

“ताशी सव्वादोन किलोमीटर, सर.”

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि फळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“गणित बरोबर आहे,” ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. आई म्हणते, प्रस्थानामुळं. तात्या म्हणतात, माझ्यामुळं. सलीमभाई तर आजन्म सांगत राहिले की मास्टर कू नौकरी अपनी गाडी ने दिलाई. आण्णांनी ते पत्र स्वतः फायलीत लावलं आणि त्या दिवसापासून फाइल आपल्या उशाखाली ठेवू लागले.

मी मात्र दरवर्षी सातवीच्या वर्गाला हे उदाहरण घालतो. एक माणूस रविवारी सकाळी नऊला निघाला आणि सोमवारी अकरा चाळीसला साठ किलोमीटरवर पोचला, तर त्याचा वेग किती? मुलं उत्तर काढतात आणि दरवर्षी कुणीतरी हमखास हात वर करतं.

“सर, त्यापेक्षा हा माणूस चालत का नाही गेला?”

“बाळांनो,” मी सांगतो, “तो पदवीधर होता.”