दादाचं तळ्याकाठचं घर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये एका पेशंटला वॉकर धरून चालवत होते. "हे गेले गं... खुर्चीत बसल्या बसल्या," एवढंच ती बोलू शकली. दादाच्या घरी, ब्रॅकनेलला पोचेपर्यंत ट्रेनमध्ये मला हंगेरीतल्या बालातोन तळ्याकाठची एक दुपार आठवत राहिली. दादाला जाऊन महिना होऊन गेला, तरी ती दुपार काही पाठ सोडत नाही.

माझा थोरला भाऊ सांगलीला कृष्णेत डुंबत वाढलेला. ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत इतकी वर्षं काढली, पण पाण्याचं वेड गेलं नाही. ऑफिसच्या कामानं बुडापेस्टला गेला, तळं बघितलं आणि काठावरचं दोन खोल्यांचं घर घेऊनच परतला. वहिनीला आधी विचारलंही नाही. तो सल तिच्या मनातून कधी गेला नाही. ती दुपार घडली त्या उन्हाळ्यात मीही त्यांच्याबरोबर तिथे गेले होते. घर विकायचं की ठेवायचं, यावरून सकाळीच दोघांची जुंपली. बोलता बोलता दादानं चहाचा कप टेबलावर ठेवला, तो कडेवरून खाली पडून फुटला. वहिनीला वाटलं, रागानं फेकला. दादानं खुलासा केला नाही. सोळा वर्षांच्या इराला, त्यांच्या लेकीला, हाक मारली आणि होडी पाण्यात लोटली.

तिथे वादळाची सूचना द्यायला काठावर उंच खांबांवर दिवे असतात. ते भराभर लुकलुकू लागले की पाण्यातून बाहेर यायचं, हे तिथलं लहान मूलही जाणतं. दुपारी समोरच्या टेकड्यांवर आभाळ दाटलं आणि दिवे वेड्यासारखे उघडझाप करू लागले. पोहणारे धावत बाहेर आले. दादाची होडी मात्र पुढेच चालली होती. वल्ही मारताना त्याचं तोंड काठाकडे, आमच्याकडे होतं. इरा त्याच्यासमोर, काठाकडे पाठ करून बसलेली. आम्ही ओरडलो, टॉवेल हलवले. वारा आमच्याकडेच येत होता, आवाज कुठला पोचायला... दादा शांतपणे वल्ही मारत राहिला. "मुद्दाम करताहेत," वहिनी म्हणाली.

मग इरानं मागे वळून बघितलं. लाटा उसळू लागल्या होत्या, होडी एका अंगावर कलली. क्षणभर मला दोघंही दिसेनात. दिसली तेव्हा इरा छातीभर पाण्यात उभी होती. तळं तिथे उथळ, म्हणून निभावलं. होडी ओढत ती तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत ओरडत होती, "बाबा, वादळ आली! लाइट बघ ना! इकडे बघ!" आणि दादा भलतीकडेच बघत होता.

काठावर आल्यावर वहिनीनं त्याचा ओला शर्ट धरला. "अहो, दिवा समोर होता तुमच्या!"

"दिसला नाही."

"दिसला नाही म्हणजे?"

"नळीतून बघितल्यासारखं मधलं टिचभर दिसतं, वरचं-बाजूचं काहीच दिसत नाही आता. दोन वर्षं झाली... डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय."

दर शनिवारी इराला मोटरवेवरून व्हायोलिनच्या क्लासला कोण नेत होतं, हे आम्हा तिघींच्याही एकदमच लक्षात आलं. वहिनीनं शर्ट सोडला. "माझ्या पोरीला गाडीत बसवून?" ती इतक्या हळू बोलली की मला भीती वाटली. दादा माझ्याकडे वळला. "आपल्या बाबांचं असंच झालं होतं ना गं? आपण त्यांना कोपऱ्यात खुर्ची दिली. मग त्यांना कुणी काही विचारेनासंच झालं..."

गाडीची किल्ली त्यानं त्याच दिवशी दिली. पण दुखणं घराण्यातलं, म्हणून इराचे डोळे तपासायला हवे होते. ते धड आहेत असा रिपोर्ट येईपर्यंत वहिनी त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

घर मात्र विकलं नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दादाची उरलीसुरली नजरही गेली, तेव्हा वहिनीनंच दारापासून पाण्याच्या पायरीपर्यंत एक दोर बांधून घेतला, पायरी येते तिथे गाठ मारून. दादा रोज सकाळी दोर धरून एकटा जायचा. गाठ हाताला लागली की थांबून मोठ्यानं विचारायचा, "आज पाणी कसलं आहे गं?" आणि मांडवाखाली भाजी निवडणारी वहिनी रंग सांगायची.

परवा आम्ही तिघी तिथे जाऊन आलो. सकाळी वहिनी दोर धरून चालत गेली, तिचा हात गाठीवर थांबला. पाण्याकडे बराच वेळ बघून, कुणी विचारलं नव्हतं तरी ती म्हणाली, "हिरवं आहे. दुधाळ हिरवं..."